पल्समधला पी

हिरा, मी तुझ्यावर जाम चिडलेय. गेलेल्या माणसावर चिडू नये असं माझी आई म्हणायची. पण गेलेल्या माणसानेही भांडण अर्धवट टाकून जाऊ नये ना! ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या त्या नर्सिंग स्कूलच्या पायऱ्यांवर सुरू झालेलं आपलं भांडण आपण किती पुरवून पुरवून खाल्लं. लग्नांत, बारशांत, फोनवर, वेसाव्याला तुझ्या ओट्यावर बसून. मी जिंकत आले की तू पदर झटकून उठायचीस, "थांब, चहा ठेवते." चहा येईपर्यंत विषय बदललेला असायचा. आता चहा नाही आणि विषय मात्र तिथेच बसून आहे, पाहुण्यासारखा.

परवा तुझ्या घरी सगळे जमले होते. भिंतीवर तुझा फोटो लावलाय, ओठ मिटलेला. ओठ मिटलेला तुझा फोटो यांनी आणला कुठून, हाच मला प्रश्न पडला. एक बाई हळहळत म्हणाल्या, "हिरा सिस्टर किती शांत स्वभावाच्या होत्या." मी पदराने तोंड झाकलं. लोकांना वाटलं रडतेय.

शांत! अगं, तुझा पहिला आवाज मी ऐकला तो जिन्यातून. हॉस्टेलच्या खोलीत मी माझी पत्र्याची ट्रंक कॉटखाली ढकलत होते आणि खालून कोणीतरी गर्जना करत होतं, "ए मावशे, बिछाना वर जाणार की मी खाली झोपू?" मग तू आलीस. डोक्यावर वळकटी, हातात सुक्या बोंबलाची पिशवी, आणि त्या पिशवीचा वास तुझ्याआधी पोचलेला. वळकटी आपटून तू विचारलंस, "नाव काय गं तुझं?"

झालं. जगातला सगळ्यात कठीण प्रश्न. मी जन्मापासून अडखळणारी आणि सगळ्यात जास्त अडखळायची ती 'प'वर. आईबापांनी नाव ठेवलं पद्मा. ओठ मिटले की चिकटायचेच. "प... प... प..."

तू माझ्याकडे पाहिलंस. लोक अशा वेळी मान खाली घालतात, किंवा माझं वाक्य स्वतःच पुरं करतात, किंवा चेहऱ्यावर ती दया आणतात जिचा मला तिटकारा होता. तू यातलं काहीच केलं नाहीस. अगदी सरळपणे विचारलंस, "पपई?"

मला इतकं हसू आलं की ओठ सुटले आणि मी म्हटलं, "पद्मा." तू म्हणालीस, "पपई बरंय." त्या दिवसापासून मी पपई. माझ्या लग्नात भर मांडवात तू हाक मारलीस तेव्हा सासूबाईंना वाटलं, फळं आली.

आपण दोघी तिथे कशा आलो, तेही आठवतं. माझ्या बाबांची गिरणी बंद पडलेली. नाहूरच्या आमच्या खोलीत ते दिवसभर दाराशी बसून राहायचे. घरात कुणीतरी मिळवायला लागणं भाग होतं. आईचं म्हणणं सरळ होतं, "चेडवाचा तोंड अडकता, हात नाय अडकणत." तुझं उलट. तुझ्या घरी होडी होती, मासळी होती, आणि तुझ्यासाठी एक होडीवाल्याचा मुलगाही हेरून ठेवला होता. बापाशी भांडून तू नर्सिंगला आली होतीस. बाप म्हणाला होता, "जा, शीक. पण नापास झालीस की टोपली उचलायची आणि मांडवात उभी राहायची." टोपलीचं तुला काही नव्हतं. तुझी आई वेसाव्याच्या बाजारात मासळी विकायची आणि तू लहानपणापासून तिच्या बाजूला बसून ओरडायचीस. तुझी अडचण होती तो होडीवाल्याचा मुलगा. "त्याला बघून मला ओकारी येते," असं तू सांगायचीस, आणि 'ओकारी'ला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याच आठवड्यात आपण शिकलो होतो, म्हणून लगेच तेही सांगायचीस.

पहिल्या तोंडी परीक्षेत दोघींची वाट लागली. तू जे बोललीस ते परीक्षकाला कळलं नाही, आणि मी बोललेच नाही. कुरियन सिस्टरांनी, आपल्या ट्यूटर त्या, आपल्याला ऑफिसात बोलावलं. कांजीने पापडासारखी कडक झालेली त्यांची पांढरी साडी अजून डोळ्यासमोर आहे. त्या म्हणाल्या, "यू टू. वन इज लाउडस्पीकर, वन इज रेडिओ विदाउट सेल. आणखी एक चान्स आहे. मग घरी."

घरी म्हणजे तुझ्यासाठी तो मुलगा आणि माझ्यासाठी दाराशी बसलेले बाबा. बाहेर येऊन तू म्हणालीस, "पपई, तुझ्याकडे शब्द आहेत, माझ्याकडे आवाज आहे. मिळून एक नर्स होते की नाही?"

मराठी शाळेतून आलेल्या पोरींसाठी ते शब्द म्हणजे शब्द नव्हते, मालगाड्या होत्या. कुरियन सिस्टर फळ्यावर एकेक शब्द लिहायच्या आणि लाल खडूने मध्ये उभ्या रेघा मारून डबे सुटे करायच्या. वर एक छोटी रेघ, म्हणजे जोर कुठल्या डब्यावर द्यायचा ते. अ-नी-मि-या, जोर 'नी'वर. हे-मो-ग्लो-बिन. त्या रेघा बघून तुला काय सुचलं असेल? संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या आड बसून तू मला समजावलंस, "हे सुरमईसारखं आहे बघ. अख्खी सुरमई कोणी तोंडात घालतं का? आधी डोकं वेगळं, मग शेपूट वेगळं, मग मधल्या तुकड्या. शेपूट 'आयटिस' असेल तर काहीतरी सुजलंय. 'एक्टमी' असेल तर काहीतरी काढून टाकलंय. डोकं बघितलं की काय सुजलंय ते कळलं. झालं!"

मग तू लोखंडी बादली उपडी केलीस आणि तुकड्यागणिक तिच्यावर थाप मारायला लागलीस. अ‍ॅ-पें-डि-साय-टिस. टण टण टण टण टण. मला म्हणालीस, बोल. मी बोलले. बादलीच्या ठेक्यावर, एकेक तुकडा करून, मी 'पे-री-टो-नाय-टिस' बोलले, आणि पहिलाच 'प' असा आला जणू तो कधी रुसलाच नव्हता. आपण दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग तू बादली अशी बडवलीस की खालून वॉचमन वर आला.

बदल्यात मी तुला उच्चार शिकवत होते, आणि ते काम मात्र बादलीने होणारं नव्हतं. तुझं तत्त्व ठाम होतं. लिहिलंय ते बोलायचं. न्युमोनियाला तू 'प्न्युमोनिया' म्हणायचीस आणि तो 'प्' असा फुटायचा की समोरच्याच्या चष्म्यावर तुषार.

"अगं पी सायलेंट आहे," मी सांगायची.

"सायलेंट आहे तर लिहिला कशाला?"

"असतो तसा. तिथे असतो, पण बोलत नाही."

"म्हणजे माझ्या बापाच्या घरातल्या सुनांसारखा," तू म्हणालीस. "मी नाही त्याला गप्प बसवणार. बोलू दे बिचाऱ्याला."

मला तो सायलेंट पी किती प्रिय होता हे तुला ठाऊक होतं. अख्ख्या इंग्रजी भाषेने मला माफ केलेला तो एकच पी. न्युमोनिया, सायकियाट्री, सोरायसिस, सगळे शब्द माझ्यासाठी दार उघडं टाकून बसलेले. तू म्हणायचीस, "तुझ्यासाठी सगळेच पी सायलेंट करायला पाहिजेत. अर्ज करू या आपण सरकारला."

पण सगळ्यात मोठी मालगाडी होती ती बीपी मोजायच्या यंत्राच्या नावाची. स्फिग्मोमॅनोमीटर. कुरियन सिस्टरांचा नियम असा की विद्यार्थिनींनी 'बीपीचं मशीन' म्हणायचं नाही, पुरं नाव घ्यायचं. तू त्याच्या तुकड्या केल्यास, स्फिग-मो-मॅ-नो-मी-टर, आणि मधल्या 'मो-मॅ'ला हात घालून जाहीर केलंस, "ह्यात मामा आहे." तेव्हापासून ते यंत्र मामा झालं. "मामाचा पारा चढलाय." "मामाची रबरी नळी फाटली."

आणि मग ते पुरुषांच्या वॉर्डातलं प्रकरण. गोवंडीचा एक टेम्पोवाला पेशंट, ताप आणि डोकेदुखीने दाखल झालेला. तू त्याच्या कॉटपाशी उभी, मी वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला. तू मासळीबाजाराच्या सुरात ओरडलीस, "पपई, मामाला घेऊन ये गं पटकन! उशीर नको!"

मी मामाला घेऊन आले, तू पट्टा बांधलास, पारा चांगलाच वर होता. तो माणूस छताकडे बघत राहिला. आपल्याला वाटलं, डोकं दुखतंय. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला वॉर्डात रडारड. आपलं बोलणं ऐकून त्याने घरच्यांकरवी निरोप धाडला होता आणि कांदिवलीहून त्याचा खरा मामा आला होता, सोबत मामी, तीन-चार मामेभाऊ आणि नारळ. भाच्याच्या लग्नात टोपीवरून मानापमान झाला होता म्हणे, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. आता मामा भाच्याच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडत होता, "अरे, नर्सबाईंनी माझं नाव घेऊन बोलावलं, म्हणजे तुझं काय खरं नाय म्हणून सांगितलं का रे त्यांनी?" भाचाही रडत होता. "मामा, टोपीचं मनात ठेवू नका." त्याची बायको कोपऱ्यात डोळे पुसत होती. आणि नेमकी तेव्हा तू वॉर्डात शिरलीस आणि सवयीने ओरडलीस, "अजून मामाला इथेच ठेवलाय का? उचला त्याला, बायकांच्या वॉर्डात पाहिजे!"

मामा उठून उभा राहिला. बिचारा जायला तयार झाला होता गं.

मेट्रनबाईंच्या ऑफिसात कुरियन सिस्टर आपल्या बाजूला उभ्या होत्या आणि त्यांचा पदर थरथरत होता. मला वाटलं, रागाने. खूप वर्षांनी मी स्वतः ट्यूटर झाले तेव्हा कळलं, तो राग नव्हता. शिक्षा अशी झाली की पुरं नाव न चुकता येईपर्यंत आपण यंत्राला हात लावायचा नाही. आठवडाभर तू येताजाता, कपडे पिळताना, काचेच्या सिरिंजा उकळताना, वरणभात कालवताना स्फिग-मो-मॅ-नो-मी-टर घोकत होतीस. खानावळीतली मावशी मला हळूच विचारून गेली, "हिला कुणी काही केलं का गं?" तो टेम्पोवाला मात्र बरा होऊन घरी गेला आणि जाताना मामाच्या घरचे लाडू देऊन गेला. आपल्या चुकीने जुळलेलं ते एक घर. ते लाडू खाताना तू म्हणालीस, "बघ, उच्चार चुकला की माणसं जवळ येतात." यावर तुझं-माझं पुन्हा भांडण.

मग आली परीक्षा. जोडीजोडीने आत बोलावत होते. टेबलावर ट्रे, थर्मामीटर, चिमटे आणि मामा मांडलेले. परीक्षक म्हणून बाहेरून एक वयस्क पारशी बाई आल्या होत्या. गोल चष्मा, फुलाफुलांचा फ्रॉक, चेहऱ्यावर असा भाव की सकाळपासून पोरींनी इंग्रजीची जी कत्तल केलीय ती त्यांनी एकटीने पाहिलीय. बाजूला कुरियन सिस्टर. मला माहीत होतं, पहिला प्रश्न काय असतो ते. पेशंट आला की आधी काय बघाल? आणि उत्तरात दोन पी, पल्स आणि पेशंट, दोन्ही बोलके. बादली आत नेता येत नव्हती. बाकावर बसल्यापासून माझे ओठ शिवल्यासारखे झाले होते. तू माझा हात धरला होतास आणि तुला तो गार हात कळत होता.

तुला आधी विचारलं. "व्हॉट विल यू चेक फर्स्ट?"

तू छाती भरून श्वास घेतलास आणि खणखणीत आवाजात म्हणालीस, "मॅडम, आय विल चेक द अल्स!"

"द व्हॉट?"

"अल्स, मॅडम. ऑफ द एशंट."

कुरियन सिस्टरांनी टेबलाची कड धरली. पारशी बाई पुढे झुकल्या. "दीकरी, व्हॉट इज धिस अल्स?"

तू अत्यंत विनयाने म्हणालीस, "पी सायलेंट, मॅडम."

मग त्या बाईंच्या खांद्यांपासून काहीतरी सुरू झालं, पोटापर्यंत गेलं, आणि त्या हसायला लागल्या. चष्मा काढला, रुमाल काढला, डोळे पुसले, पुन्हा तुझ्याकडे बघितलं आणि पुन्हा हसल्या. "अरे बाबा, एशंट! अने पिल्स? इल्स?" तू मान डोलावलीस. त्यांनी स्वतःचा हात पुढे केला. "ले, मारी अल्स जो." आणि तू त्यांचं मनगट धरलंस. हिरा, तुझी बोटं मनगटावर टेकली की तू खरोखर शांत व्हायचीस, कदाचित त्या हळहळणाऱ्या बाईंनी तुला तेव्हाच पाहिलं असेल. घड्याळाकडे बघत तू मोजलंस, आकडा नीट सांगितलास, आणि बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत अजून पाणी, ओठांवर अजून हसू. "अने तू? तारो पी पन सायलेंट के?"

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बोलण्याची वाट हसऱ्या तोंडाने पाहत होतं. दया नाही, घाई नाही. मला हसू फुटलं आणि हसण्याबरोबर ओठही फुटले. "नो मॅडम," मी म्हटलं, "पल्स. आय विल चेक द पेशंट्स पल्स." मग मी थांबलेच नाही. जे विचारलं ते सांगितलं, जे विचारलं नव्हतं तेही. दोन-तीन ठिकाणी अडकले, त्या थांबल्या, मी निघाले.

दोघी पास.

बाहेर पायऱ्यांवर मी तुला विचारलं, "हे तू मुद्दाम केलंस ना?"

"कसलं मुद्दाम? तूच शिकवलंस पी सायलेंट म्हणून. तुझ्यामुळे नापास झाले असते!"

"मी फक्त न्युमोनियाचा म्हटला होता."

"तसं स्पष्ट सांगायचं ना मग."

हेच ते भांडण. मी तुला पुढे किती पुरावे दिले! आदल्या दिवशीपर्यंत तू पल्सला पल्स म्हणत होतीस. जन्मभर तू 'पापलेट' म्हणालीस, त्यातला एकही पी कधी समुद्रात पडला नाही. एका दिवशी, एका खोलीत, माझा नंबर लागायच्या आधी तुझे सगळे पी बरे गळाले? तू कपाळाला हात लावायचीस, "पपई, मी ढ होते गं, तू उगाच मला हुशार करतेस." आणि चहा ठेवायला जायचीस.

ढ! तुझ्या आईच्या, जानकीकाकींच्या, ऑपरेशनच्या वेळी तुझं डोकं मी पाहिलं ना. आपल्याला नोकरी लागून थोडे दिवस झालेले. मी मुलुंडला, तू अंधेरीला. काकी पिवळ्या पडल्या, पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. काकी ओट्यावर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "मना नाय पोट फाडून घ्याचा. मी मरन, पण बाजारान बसून मरन." बाप समजावून थकला, भाऊ थकले. तू मला बोलावून घेतलंस. मी एवढ्या लांबून बस बदलत आले ते बघायला की तू त्यांना घाबरवतेस की रडतेस. तू दोन्ही केलं नाहीस. तू समोर बसलीस आणि म्हणालीस, "आये, ऑपरेशनचं नाव तरी ऐक. कोली-सिस-टेक-टमी."

काकींनी मान वर केली. "काय बोललीस? कोली?"

"हां. कोली."

"इंग्रेजीन पन कोली?"

"मग काय! पुस्तकात छापलंय. हिला विचार, ही खोटं बोलत नाही."

काकींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो काकी, सुरुवातीला अगदी तसंच म्हणतात." उच्चाराबद्दल मी खोटं बोलले नाही. जोर थोडा इकडेतिकडे असेल.

काकी लुगडं सारखं करत उठल्या. "मंग आपलाच हाय तो. आपल्याला भिऊन कसा चालंल?"

ऑपरेशन झालं, काकी बऱ्या झाल्या. राऊंडला आलेल्या तरुण डॉक्टरने तो शब्द जरा वेगळा उच्चारला तेव्हा कॉटवरून त्यांनी त्याला सुधारलं, "कोली म्हन रे, कोली." आणि बाजारात परतल्यावर समोरच्या गिऱ्हाईकाला पापलेट दाखवावं तशा अभिमानाने सांगायच्या, "माजा कोलीसीस झायला." आजूबाजूच्या बायकांना काही दिवस वाटत होतं की हा आजार बाहेरच्यांना होतच नाही.

ज्या सकाळी त्यांना ऑपरेशनला नेलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी तू हॉस्पिटलच्या जिन्यात बसली होतीस आणि तुझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तुझ्या! मी बाजूला बसले. मला वाटतं आपल्या सगळ्या ओळखीत तेवढा एकच तास आपण भांडलो नाही.

तुला कधी सांगितलं नाही, पण पुढे मी ट्यूटर झाले ते तुझ्या जोरावर. अडखळणारी बाई पोरींना उच्चार शिकवते, ह्यावर माझ्या मुलाखतीत एक साहेब हसले होते. मी त्यांना म्हटलं, "सर, मला प्रत्येक शब्द कुठे तुटतो ते माहीत आहे. मी तिथे पडलेय." नोकरी मिळाली. वर्गात मी फळ्यावर लाल रेघा मारायची, पण पोरींना सांगायची मात्र सुरमईच. शाकाहारी पोरी निघाल्या तर दुधी. तुला हे सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, दुधीला कुठे डोकं असतं? म्हणून नाही सांगितलं. आणि आभार मानायला गेले असते तर तू मला ओट्यावरून ढकलून दिलं असतंस, म्हणून तेही राहिलं.

मागच्या महिन्यात हॉस्पिटलात तुला भेटायला आले तेव्हा तुझ्या नाकाला नळी होती. वेसाव्याच्या ह्या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या होडीला हाक मारणारी तू, आणि तुझा श्वास एका अक्षरापुरता पुरत होता. डॉक्टर पोरगा आला, फाईल बघत तुझ्या मुलीला, रेश्माला, म्हणाला, "आयपीएफ आहे, ॲडव्हान्स्ड." तिला त्यातलं काही कळलं नाही. तू बोट वर केलंस. त्याला वाटलं पाणी पाहिजे.

"पू... रं... बोल," तू म्हणालीस.

"काय आजी?"

"नाव... पू... रं."

त्याने मुकाट्याने पुरं नाव घेतलं. इडिओपॅथिक पल्मोनरी फायब्रोसिस. तू मान हलवलीस, जणू तोंडी परीक्षेत त्याला पास केलंस.

तो गेल्यावर मी तुझ्याजवळ सरकले. मला कळत होतं की आता वेळ थोडा आहे, आणि मला रडायचं नव्हतं, म्हणून मी भांडायला सुरुवात केली. "हिरा, आता तरी सांग. त्या दिवशी मुद्दाम केलंस ना? माझ्यासाठी?"

तू डोळे मिटून पडली होतीस. ओठ हलले. "प... प..."

मी घाबरले. श्वास अडकला वाटून बेल दाबायला उठले. तू माझा हात धरलास. "पपई," तू म्हणालीस. थांबलीस. श्वास घेतलास. "तू... लई... बोलतेस."

आयुष्यात मला असं कुणी म्हटलं नव्हतं, गं. कुणीही नाही. मी तुझ्या कॉटच्या कठड्यावर डोकं टेकून हसत होते, तुझे खांदे हलत होते, आणि नर्स येऊन म्हणाली की पेशंटला हसवू नका, ऑक्सिजन खाली जातोय. उत्तर तू दिलंच नाहीस. मी काय समजायचं ते समजले, पण तू कबूल केलेलं नाही, म्हणजे भांडण चालूच आहे.

परवा तुझ्या घरून सगळे पांगल्यावर रेश्मा मला आतल्या खोलीत घेऊन गेली. दार लावलं. तिचे डोळे कोरडे होते, तू गेल्यापासून कोरडेच आहेत असं जावई सांगत होता. म्हणाली, "मावशी, खरं सांगा. मी आईला चुलीपाशी बसू द्यायला नको होतं ना? सुकी मासळी, तो धूर... खोकला लागला तेव्हाच न्यायला हवं होतं. ती नको म्हणाली आणि मी ऐकलं. माझ्यामुळे झालं का हे?"

मी तिला विचारलं, "आजाराचं नाव काय सांगितलं डॉक्टरांनी?"

"ते लांबलचक... इडिओ काहीतरी."

"इडिओपॅथिक," मी म्हटलं. एका दमात आला तो शब्द. "त्याचा अर्थ कुणी सांगितला तुला?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"डॉक्टरांनी सगळं तपासलं, धूर, धूळ, जुने आजार, सगळं. आणि त्यांना काही सापडलं नाही. म्हणून ते हा शब्द लावतात. कारण माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे, रेश्मा."

"म्हणजे कुणाची चूक नाही?"

"कुणाची नाही."

"माझी पण नाही?"

"तुझी तर मुळीच नाही."

मग ती रडली, हिरा. माझ्या मांडीवर डोकं ठेवून, अगदी मोठ्याने, ओट्यापर्यंत ऐकू जाईल असं. तुझा आवाज आहे गं तिला. बाहेरून कुणीतरी दार वाजवत होतं, काय झालं म्हणून विचारत होतं. मी आतून सांगितलं, "काही नाही. रडू दे तिला."